चार गावांत वाटलेली राजधानी

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून एक विशेष सहज आढळतो. घर एकच, परसातली विहीरही तीच. पण त्या घरातील तीन पिढ्यांनी चाकरी मात्र तीन निरनिराळ्या सरकारांची केलेली असते. आमच्या घरी असेच घडले. आजोबा होळकर सरकारच्या महसूल खात्यात होते, वडील मध्यभारत राज्याच्या नोकरीत शिरले, आणि आम्ही मध्यप्रदेश शासनाच्या एका शाळेचे मुख्याध्यापक आहोत. बिऱ्हाड कोणीच हलविले नाही. सरकारेच या घरावरून येऊन गेली. बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोमंतक येथील वाचकांनी आपापल्या घरच्या जुन्या पेट्या उघडून पाहाव्यात. त्यांतील सरकारी कागदांवरचे शिक्के असेच बदललेले दिसतील. बडोदे १९४९ साली मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली गुजरातेत आले. बेळगाव १९५६ साली मुंबईकडून म्हैसूरकडे गेले. हैदराबाद शहराने निजामीनंतर हैदराबाद राज्य, आंध्रप्रदेश आणि २०१४ पासून तेलंगण अशी तीन नावे अनुभवली. गोवा १९६१ साली मुक्त झाला. पण त्याचे राज्य व्हायला १९८७ उजाडावे लागले.

इतके असूनही आपल्या लोकांची एक खोड काही जात नाही. मुंबईच्या मंत्रिमंडळात कोण आले, कोण गेले, हे आपल्याला तोंडपाठ असते; आपल्या स्वतःच्या राज्याच्या शिक्षणमंत्र्याचे नाव विचारले, तर घरातील शाळकरी मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागते. वास्तविक आपले रेशनकार्ड, शेतीचे उतारे, मुलांची क्रमिक पुस्तके, सरकारी दवाखान्यातील औषध, यांपैकी काहीही मुंबईहून येत नाही, आणि बहुतांशी दिल्लीच्या हातूनही येत नाही. ज्या राज्यात आपण राहतो त्या राज्याच्या राजधानीतून ते येते. ही राजधानी घडली कशी आणि चालते कशी, हे एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावे असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या एका प्रस्तावाच्या निमित्ताने भोपाळचा योग आला, आणि पुढे दोन महिन्यांनी एका लग्नासाठी ग्वाल्हेरही झाले. त्या दोन प्रवासांत जे दिसले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इंदूरहून भोपाळ सडकेने सुमारे १९० किलोमीटर आहे. वाटेत पहिले मोठे गाव देवास. संगीतप्रेमी वाचकांना ते कुमार गंधर्वांचे गाव म्हणून ठाऊक आहे. बेळगावकडचा हा गायक १९४८ साली आजारपणात येथे आला आणि माळव्याचाच होऊन राहिला. परंतु राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही येथे घटकाभर थांबावे. या एका गावात पवारांच्या दोन गाद्या नांदत होत्या. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन खजिने, आणि गावातील मुलूख रस्त्यारस्त्याने वाटून घेतलेला. सौभाग्यवती बरोबर होत्या. हे सांगितल्यावर त्यांनी विचारले, "अहो, मग मधला रस्ता झाडायचा कोणी?" प्रश्न थट्टेचा असला तरी मोठमोठ्या घटनापंडितांना तोच सोडवावा लागला आहे.

देवासच्या दोन सरकारांनी जमीन वाटून घेतली होती. रस्त्याच्या अलीकडचा माणूस एकाचा, पलीकडचा दुसऱ्याचा. संघराज्यात तसे नसते. तेथे जमीन एकच, माणूसही एकच. वाटणी होते ती कामांची. आजच्या देवासात हे फार सुरेख दिसते. गावात चलनी नोटा छापण्याचा कारखाना आहे. तो केंद्र सरकारचा. त्याच्या फाटकाबाहेर सडकेवर वाहने आवरणारा पोलीस शिपाई राज्याचा. त्या शिपायाच्या डोक्यावर जळणारा दिवा महानगरपालिकेचा. आणि रेल्वेचे फाटक ओलांडले की पुन्हा केंद्र सरकार. घटनेच्या सातव्या परिशिष्टात या वाटणीच्या तीन याद्या आहेत. संरक्षण, रेल्वे, टपाल, चलन केंद्राकडे. पोलीस, शेती, जमीनमहसूल, सार्वजनिक आरोग्य राज्याकडे. आणि तिसरी यादी समाईक, जिच्यातील विषयांवर दोघांनाही कायदे करता येतात, पण दोघांचे जुळले नाही तर सामान्यतः केंद्राचे चालते. शिक्षण पूर्वी राज्याच्या यादीत होते. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते समाईक यादीत गेले. त्यामुळे आमच्या मुख्याध्यापकाच्या टेबलावर दोन्ही सरकारांची परिपत्रके येतात. उत्तरे मात्र एकाच माणसाने लिहायची.

देवासच्या दोन्ही पात्या १९४८ साली मध्यभारतात विलीन झाल्या. मध्यभारत हे नाव आता जुन्या माणसांच्याच तोंडी राहिले आहे. ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील लहानमोठी संस्थाने एकत्र करून २८ मे १९४८ रोजी त्याची स्थापना झाली. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. दोन मराठी घराण्यांची जुनी स्पर्धा अशी एका राज्यघटनेत बसविली गेली खरी, पण राजधानी कोठे ठेवायची हा पेच उरलाच. अखेर हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर असा तोडगा निघाला. दप्तरांची ने-आण मग ओघानेच आली. वडील सांगत की, ऋतू बदलला म्हणजे इंदूरच्या स्टेशनावर कागदांच्या पेट्या उतरत आणि त्या पेट्यांमागून कारकुनांची बिऱ्हाडे. ज्याचे काम अडले असेल त्याने पेटी उघडेपर्यंत वाट पाहायची. आठ वर्षे हा संसार चालला.

मग १९५६ साल आले. फाजल अली, कुंझरू आणि पणीक्कर यांच्या आयोगाने राज्यांच्या पुनर्रचनेचा अहवाल आदल्या वर्षी दिला होता. त्यावर संसदेने कायदा केला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश जन्मास आला. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि तेथे हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषेचे स्थान होते. त्यातून विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्याकडे गेले. उरलेले महाकोशलचे हिंदी जिल्हे, त्यांत मध्यभारत, विंध्यप्रदेश, भोपाळ राज्य आणि राजस्थानातील सिरोंजचा भाग मिळून हे नवे राज्य झाले. मराठीच्या दृष्टीने त्या एका दिवसात काय झाले ते पाहावे. नागपूर गेले आणि त्याबरोबर मराठीचे राजभाषापद गेले. ग्वाल्हेर व इंदूर या दोन्ही मराठी सरदारांच्या राजधान्या राजधानीपणाला मुकल्या. आपण मात्र जेथल्या तेथे राहिलो.

यात एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. राज्य मोडण्याचा, जोडण्याचा, त्याचे नाव वा सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. राष्ट्रपती संबंधित विधानसभेचे मत मागवितात. पण ते मत मागवायचे असते, मानायचेच असते असे नाही. अमेरिकेतल्या घटक राज्याला त्याच्या संमतीवाचून असे कापता येत नाही. आपल्याकडे संघ अभंग आहे, राज्ये मात्र कुंभाराच्या ओल्या मातीसारखी आहेत. सीमेवरच्या मराठी वाचकांना या कलमाचा अर्थ आम्ही नव्याने सांगावा असे नाही. बेळगावचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यातील एक मूळ प्रश्न या कलमाभोवतीच फिरतो.

भोपाळास पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. मोठ्या तलावावर सूर्य तिरपा झालेला, पलीकडे नबाबी मशिदींचे मिनार. हे गाव राजधानी व्हावे असे १९५६ पूर्वी फार थोड्यांना वाटले असेल. ते तेव्हा जिल्ह्याचेसुद्धा ठिकाण नव्हते. सीहोर जिल्ह्यात मोडत असे, आणि स्वतंत्र भोपाळ जिल्हा झाला तो १९७२ साली. जबलपूरचा दावा मोठा होता, इंदूर श्रीमंत होते, ग्वाल्हेर जुने होते. भोपाळच्या बाजूने दोन गोष्टी होत्या: ते साऱ्यांच्या मध्ये होते, आणि तेथे नबाबी काळातील मोकळ्या इमारती व सरकारी जमीन होती. आम्हांला तिसरीही एक दिसते. तीन थोरल्या जावांच्या भांडणात किल्ल्या बहुधा धाकटीच्या कमरेला जातात.

थोरल्यांची समजूत कशी काढली, यातच या राज्याच्या कारभाराची खरी घडण आहे. जबलपूरला उच्च न्यायालय दिले; पुढे वीज मंडळाचे मुख्यालयही तेथेच राहिले. ग्वाल्हेरला राजस्व मंडळ, महालेखापालांची कचेरी, परिवहन आणि अबकारी आयुक्त. इंदूरला लोकसेवा आयोग आणि कामगार आयुक्त. हायकोर्टाची खंडपीठे ग्वाल्हेर व इंदूर येथे आधी तात्पुरती बसविली, आणि १९६८ साली ती कायम केली. आमच्या इंदुरात लोकसेवा आयोग ज्या भागात आहे तो रेसिडेन्सीचा परिसर. एके काळी तेथे इंग्रजांचा एजंट बसून होळकरांवर नजर ठेवीत असे. आता मंडला आणि मुरैन्याकडची मुले हातात परीक्षेचे कागद घेऊन तेथे येतात. राज्याची राजधानी भोपाळ हे भूगोलाच्या पुस्तकापुरते खरे. खटला, जमीन, हिशेब आणि नोकरी यांपैकी ज्याचे काम निघेल त्याप्रमाणे माणसाची राजधानी बदलते.

भोपाळात आमचा मुक्काम टी.टी. नगरात एका दूरच्या आप्तांकडे होता. टी.टी. म्हणजे काय, असे आम्ही त्यांच्या नातवाला विचारले तर त्याला सांगता येईना. तात्या टोपे! राजधानी आल्यावर सरकारी नोकरांसाठी जी वस्ती उभारली तिला हे नाव दिले गेले. नागपुराहून, ग्वाल्हेरीहून, इंदुराहून फायलींबरोबर आलेली मराठी कुटुंबे येथल्या चाळवजा क्वार्टरांत स्थिरावली. या आप्तांचे वडीलही त्यांतलेच. ज्या तात्यांना १८५९ साली शिवपुरीस फाशी झाली, त्यांच्या नावाच्या वस्तीत निवृत्तिवेतनाची चर्चा करीत आम्ही पिठले-भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मिंटो हॉल पाहिला. १९०९ साली लॉर्ड मिंटोच्या भेटीच्या वेळी सुलतान जहाँ बेगमांच्या काळात याची पायाभरणी झाली. १९५६ पासून चाळीस वर्षे मध्यप्रदेशची विधानसभा याच इमारतीत भरत असे. आता ते संमेलनगृह आहे आणि २०२१ पासून त्याला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव आहे. कुशाभाऊ मूळचे धारचे. बेगमांची इमारत, व्हाइसरॉयचे नाव, आणि त्यावर धारच्या मराठी माणसाचे नाव. वास्तूचे भाग्य राज्यापेक्षा निराळे नसते.

नवे विधानभवन अरेरा टेकडीवर आहे. चार्ल्स कोरिया या विख्यात वास्तुविशारदाने ते रचले. बाहेरून सारी इमारत गोल. सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा विधानसभेचा घुमट. आत चौक, अंगणे, उतरणी. ऊन आणि वारा यांना आत येण्याची मुभा असलेली सरकारी इमारत आम्ही प्रथमच पाहिली. ३ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी तिचे उद्घाटन केले. हेच शर्मा १९५६ पूर्वीच्या छोट्या भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री होते. अधिवेशन चालू नसल्याने इमारतीत शांतता होती. उद्घाटनाच्या वेळी सभासद होते ३२०. चारच वर्षांनी, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगढ वेगळे झाले आणि त्यांतले नव्वद जण रायपूरला गेले, राहिले २३०. लोकसभेच्या चाळीस जागांपैकी अकरा गेल्या, एकोणतीस उरल्या. आमदारांबरोबर नोकरवर्गाचीही वाटणी झाली. आमचे एक स्नेही, जन्माने उज्जैनचे, यादीत नाव निघाले म्हणून छत्तीसगढचे नोकर झाले. त्यांच्या मुलीचे लग्न उज्जैनीस ठरले होते; निमंत्रणपत्रिकेवर वधूपित्याचा पत्ता बस्तरचा.

या विधानभवनात एक आश्चर्य आहे. कोरियांच्या आराखड्यात विधानसभेखेरीज विधानपरिषदेसाठीही स्वतंत्र दालन आहे. परंतु मध्यप्रदेशला विधानपरिषदच नाही! १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने मध्यप्रदेशसाठी दुसऱ्या सभागृहाची तरतूद केली; मात्र राष्ट्रपती अधिसूचना काढतील त्या दिवसापासून ती अमलात यावी असे म्हटले. ती अधिसूचना आजतागायत निघाली नाही. दालन आहे, कायद्यात नाव आहे, सभागृह नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण येथे परिषदा आहेत. गुजरात, गोवा येथे नाहीत. इतरांना याचे काही वाटो न वाटो, आम्हां शिक्षकांना वाटते. कारण घटनेप्रमाणे परिषदेच्या जागांपैकी एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या असतात. त्या कधी न भरलेल्या दालनातील आमच्या वाट्याच्या खुर्च्या कोणत्या असतील, असा विचार करीत आम्ही टेकडी उतरलो.

वल्लभ भवन, म्हणजे सचिवालय, जवळच आहे. त्याच्या आसपास दोन मोठ्या इमारती: एकीचे नाव सातपुडा भवन, दुसरीचे विंध्याचल भवन. खऱ्या विंध्य-सातपुड्यांच्या मधून नर्मदा वाहते. या दोहोंच्या मधून चहाच्या टपऱ्या आणि अर्ज लिहिणारे. नर्मदेची आठवण निघाली म्हणून सांगतो. एका राज्याचा कारभार कोठे संपतो ते नदीइतके स्पष्ट दुसरे कोणी दाखवीत नाही. पाणी हा विषय राज्याचा. पण नर्मदा चार राज्यांशी निगडित. वाद झाला, १९६९ साली लवाद नेमला गेला, आणि १९७९ साली त्याने निवाडा दिला: २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्यप्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते. बडोद्याचा वाचक गुजरातच्या नऊ हिश्श्यांकडे पाहील, आम्ही आमच्या सव्वाअठराकडे. आणि ज्यांची गावे धरणाखाली गेली, ते निमाडातले लोक कोणत्या हिश्श्यात मोडतात, याचे उत्तर या अपूर्णांकांत शोधून सापडत नाही.

आता आमचा प्रस्ताव. आमच्या शाळेच्या प्राथमिक वर्गांत काही मराठी घरांतील मुले आहेत. त्यांना मराठी शिकविणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि ती जागा रिकामी राहिली. ती भरावी इतकीच आमची मागणी. घटनेत ३५० अ हे कलम आहे. तेही १९५६ सालीच आले. राज्ये भाषेवर बांधली, तेव्हा ज्यांची भाषा राज्याच्या भाषेहून निराळी राहिली त्यांच्यासाठी. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. राष्ट्रपती तसे निर्देशही देऊ शकतात. भाषिक अल्पसंख्यांसाठी केंद्राचे एक आयुक्तही आहेत, ते अहवाल देतात. कलम दिल्लीचे, आयुक्त दिल्लीचे. परंतु मास्तराचा पगार राज्याच्या अर्थसंकल्पातून निघतो. जो पगार देतो तोच जागा निर्माण करतो, हे संघराज्याचे असे सूत्र आहे की जे कोणत्याही परिशिष्टात छापलेले नाही.

संबंधित कचेरीत ज्यांच्याकडे फाईल होती ते गृहस्थ बोलता बोलता मराठी निघाले. टेबलाशी आमच्याशी हिंदीत बोलत होते. चहाला खाली उतरल्यावर मराठीत आले. "सर," ते म्हणाले, "तुमचं कलम मला पाठ आहे. माझ्या आईनं मला रामरक्षा शिकवली ती मराठीतूनच अर्थ सांगून. पण फाईलवर साहेब पहिला प्रश्न लिहितील, मुलं किती? वर्गात दहा दाखवा, मग बोलू." दहा हा आकडा त्यांच्या मनचा नव्हता. १९४९ साली शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठराव केला होता की, वर्गात दहा किंवा साऱ्या शाळेत चाळीस मुले एका भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. आमच्याकडे शाळेत मिळून एकवीस आणि मोठ्यात मोठ्या वर्गात सात. गृहस्थांनी फाईल फेटाळली नाही, चर्चेसाठी ठेवली. जाताना म्हणाले, "शाळेच्या आसपास मराठी घरं किती आहेत हो?" आम्ही म्हणालो, पन्नास तरी असतील. "मग त्यांची मुलं कुठं जातात?" याचे उत्तर आम्हां दोघांनाही ठाऊक होते, त्यांची स्वतःची नातही इंग्रजी शाळेत जात होती.

वल्लभ भवनातून निघणारा प्रत्येक हुकूम राज्यपालांच्या नावाने व आदेशानुसार म्हणून निघतो. राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात. हुकूम ठरवितो मंत्री. सही करतो सचिव, जो बहुधा केंद्राने भरती केलेल्या सेवेतला असतो आणि ज्याला राज्य बदली देऊ शकते, बडतर्फ करू शकत नाही. दिल्ली आणि भोपाळ यांच्यात भिंत आहे असे जे समजतात त्यांनी हा एक कागद निरखून पाहावा. एका सहीत दोन्ही सरकारे बसलेली असतात.

ग्वाल्हेरास गेलो ते फाल्गुनात. मोतीमहाल पाहिला. शिंद्यांच्या वेळचे हे सचिवालय, पुढे मध्यभारताच्या विधानसभेचे स्थान, आणि नंतर राजस्व मंडळासारख्या कचेऱ्यांचे घर. रंगविलेल्या भिंती, चित्रे, आणि त्यांखाली लाल फडक्यात बांधलेली दप्तरे. व्हरांड्यात झाबुआकडचे दोन शेतकरी बसले होते. बांधाच्या तंट्यासाठी सारे राज्य ओलांडून आलेले. १९५६ साली चार गावांची समजूत काढली, तिचे प्रवासभाडे असे अजून कोणी कोणी भरीत असते. महालेखापालांची कचेरीही याच गावी. आमच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब तेथेच लिहिला जातो. पैसा राज्याचा, नोकर राज्याचा, आणि जमाखर्च लिहिणारी कचेरी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांची. घरच्या संसाराचे हिशेब शेजाऱ्याने लिहावेत तसे. मात्र त्यामुळे खोट लपत नाही, हेही खरे.

ग्वाल्हेरच्या राजवाड्याने भोपाळची सरकारे दोनदा पाडली. १९६७ च्या जुलैत द्वारकाप्रसाद मिश्र यांचे काँग्रेस सरकार ३६ आमदार फुटल्याने कोसळले. त्यामागे राजमाता विजयाराजे शिंदे होत्या. गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले, आणि १९६९ च्या मार्चात त्यांच्यामागून आलेले नरेशचंद्र सिंह तेरा दिवस टिकले. अशा उड्या थांबाव्यात म्हणून १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. २०२० च्या मार्चात ज्योतिरादित्य शिंदे यांच्यामागोमाग बावीस आमदारांनी पक्ष बदलला नाही, राजीनामेच दिले. सर्वोच्च न्यायालयाने सभागृहात बहुमत अजमावण्यास सांगितले. कमलनाथ यांनी त्याआधीच २० मार्चला पद सोडले. कायद्याने दार लावले तर खिडकी शोधावी, ही रीत कोणा एका पक्षाची नव्हे.

दिल्लीच्या हातूनही सरकारे गेली. १९७७, १९८० आणि १९९२ साली येथे राष्ट्रपती राजवट आली. डिसेंबर १९९२ मध्ये सुंदरलाल पटवा यांचे सरकार बरखास्त झाले तेव्हा आम्ही नोकरीत नवखे होतो. शाळेत काहीच बदलले नाही, वेतनही तारखेस झाले. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ती बरखास्ती रद्द ठरविली. ११ मार्च १९९४ रोजी बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पण त्याच निकालात केंद्राच्या हाताला लगामही घातला. राष्ट्रपतींची घोषणा न्यायालयात तपासता येईल, बहुमत राजभवनात नव्हे तर सभागृहात मोजावे, आणि संसदेची मान्यता मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करू नये. खटल्याला ज्यांचे नाव लागले ते बोम्मई कर्नाटकाचे. तेव्हा हुबळी-बेळगावकडच्या वाचकांचाही या कथेत वाटा आहे. जबलपूरचे हे न्यायालय मूळचे नागपूरचे, १९५६ साली तेथून उचलून नेलेले. बदल्यात नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ, आणि १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन मिळाले. गेलेल्या राजधानीची भरपाई कचेऱ्यांनी करण्याची विद्या महाराष्ट्रालाही अवगत आहे.

ग्वाल्हेरच्या लग्नघरी आम्ही भोपाळची हकीकत सांगितली तेव्हा एक वृद्ध आप्त म्हणाले, "अरे, मध्यभारत असतं तर मराठीचा मास्तर मागायला लागला नसता." तसे म्हणवत नाही. मध्यभारताचा कारभारही हिंदीतच होता, आणि तेव्हा मराठी शाळांतून मुले असत ती आईबापांनी घातलेली असत म्हणून.

इंदूरला परतल्यावर भोपाळहून पत्र आले. चालू सत्रात जागा मंजूर करणे शक्य नाही. नव्या सत्राच्या पटसंख्येसह प्रस्ताव फेरसादर करावा. नवे सत्र एप्रिलात सुरू होते. सात मुलांच्या त्या वर्गाला दहाचा आकडा गाठायला तीन हवीत. आम्ही आणि सौभाग्यवती रोज संध्याकाळी शाळेभोवतीच्या मराठी घरी जात आहोत; आतापर्यंत अकरा घरे झाली, आणि एका घरी आजीने नातवाचे नाव लिहून दिले आहे.